ग्रिगोरीने पाहिलेले दार

दोस्तोव्हस्कीच्या ‘ब्रदर्स कारामाझोव’ या कादंबरीतला खटला एका दाराभोवती फिरतो. फ्योदोर पावलोविच कारामाझोव हा पैसेवाला, लंपट म्हातारा एका रात्री स्वतःच्या घरात डोके फुटून मेलेला सापडतो आणि आळ येतो थोरला मुलगा द्मित्री ऊर्फ मित्या याच्यावर. बाप-लेकाचे वैर साऱ्या गावाला ठाऊक असते. भांडण पैशाचे असते आणि ग्रुशेंका नावाच्या बाईचेही. बापाला ठार मारण्याची भाषा मित्याने चारचौघांत केलेली असते. त्या रात्री पितळी बत्ता घेऊन आपण बागेत शिरलो होतो, हेही तो कबूल करतो. त्याचे म्हणणे एवढेच की, आपण खिडकीपाशी गेलो, बापाला पाहिले, पण त्याच्यावर हात न टाकता मागे फिरलो. पळताना कुंपणावर ज्याने आपला पाय धरला त्या म्हाताऱ्या नोकराच्या, ग्रिगोरीच्या, डोक्यात मात्र बत्ता घातला. ग्रिगोरी त्यातून वाचतो आणि साक्ष देतो की, आपण बागेत आलो तेव्हा घराचे बागेकडचे दार उघडे होते. म्हातारा फ्योदोर रात्री ते दार आतून लावून घेत असे आणि ठरलेली टकटक ऐकल्याखेरीज उघडत नसे. तेव्हा दार आधीच उघडे असेल, तर मित्या आत जाऊन आला होता आणि आता खोटे बोलतो आहे. दार बंद असेल, तर मित्या पळाल्यानंतर आणखी कुणीतरी आत गेले. एका माणसाचे उरलेले आयुष्य या एका दारावर टांगलेले आहे.

वाचकाला याचे उत्तर खटल्याआधीच मिळालेले असते. खून स्वयंपाकी स्मेर्द्याकोवने केलेला आहे. खटल्याच्या आदल्या संध्याकाळी तो मधला भाऊ इव्हान याला सगळे सांगून टाकतो आणि दाराचा खुलासाही करतो: ते बंदच होते, ग्रिगोरीला ते उघडे असल्याचा भास झाला, आणि म्हातारा इतका हेकट आहे की आता तो आपला शब्द फिरवणार नाही. त्याच रात्री स्मेर्द्याकोव गळफास घेतो. याचा अर्थ असा की, खटल्यातली सर्वांत घातक साक्ष चुकीची आहे आणि ती देणारा माणूस मात्र अगदी प्रामाणिक आहे. मला या खटल्याचे मर्म इथेच दिसते. उलटतपासणी हे हत्यार खोटारड्या साक्षीदारासाठी घडवलेले आहे. साक्षीदार खोटा नसून चुकलेला असेल, तर तेच हत्यार बहुतेक वेळा भलतीकडे चालते, आणि चालवणारा जितका तरबेज, तितका त्याला वार वर्मी बसल्याचा भ्रम होतो.

मित्याचा वकील फेत्युकोविच हा पीटर्सबर्गहून आलेला नामवंत माणूस आहे. ग्रिगोरीची त्याने घेतलेली उलटतपासणी वकिलीच्या विद्यार्थ्यांनी दोनदा वाचावी अशी आहे: एकदा ती किती चांगली आहे हे कळण्यासाठी आणि दुसऱ्यांदा ती किती वाया गेली हे कळण्यासाठी. सुरुवात तो औषधापासून करतो. त्या रात्री ग्रिगोरीची कंबर धरली होती; बायको मार्फा हिने घरगुती काढ्याने ती चोळून दिली होती आणि उरलेला काढा ग्रिगोरी प्याला होता. वकील अगदी साळसूदपणे काढ्यात काय काय असते ते विचारतो. वनस्पतींची नावे येतात, मिरी येते आणि शेवटी कळते की हे सारे मद्यार्कात भिजवलेले असते. कोर्टात खसखस पिकते. किती प्यालात? पेलाभर असेल. की दीड पेला? म्हातारा गप्प. एवढा निव्वळ मद्यार्क पोटात गेल्यावर बागेचे दारच काय, स्वर्गाची दारेही उघडी दिसतील, अशा अर्थाचा टोला वकील हाणतो आणि लोक पुन्हा हसतात. पुढे तो विचारतो, तुम्ही जागे होता की झोपेत? म्हातारा म्हणतो, मी पायांवर उभा होतो. तेवढ्याने जागेपण सिद्ध होत नाही, असे सुनावून वकील त्याला चालू साल विचारतो. ग्रिगोरीला ते सांगता येत नाही. मग हाताला बोटे किती, असा प्रश्न येतो. तेव्हा मात्र तो सेवक ताठ होतो आणि म्हणतो की, आपण हुकमाचे ताबेदार. वरिष्ठांना आपली थट्टा करायची असेल तर ती सोसणे भाग आहे. न्यायाधीश वकिलाला समज देतात. वकील अदबीने मान लववतो आणि खाली बसतो.

इथवर पाहिले तर वकिलाने मिळवायचे ते मिळवले आहे. शंका पेरली गेली, असे निवेदकही कबूल करतो. पण ही शंका कशाबद्दल पेरली गेली? साक्षीदाराच्या लायकीबद्दल. म्हातारा अडाणी आहे, त्या रात्री झिंगला होता, त्याला साल ठाऊक नाही, हे लोकांना कळले. दाराबद्दल कुणालाही काही नवे कळले नाही. ज्या धाग्यावरून दारापर्यंत पोचता आले असते, तो धागा वकिलाच्या हातात होता. ग्रिगोरी कुठे उभा होता? तिथून दाराचा कोणता भाग दिसतो? उजेड कशाचा होता? त्याला आधी काय दिसले, खिडकी की दार? आणि मुख्य प्रश्न: दार उघडे असल्याचे तो पहिल्यांदा बोलला ते केव्हा, आणि त्याआधी कुणी त्याच्या कानावर ते घातले होते का? यांतला एकही प्रश्न त्या भरगच्च कोर्टात विचारला जात नाही. या प्रश्नांनी कुणी हसले नसते, हेही खरे.

उत्तरे कादंबरीत विखुरलेली आहेत. आठव्या भागात निवेदक ती रात्र ग्रिगोरीच्या बाजूने सांगतो. म्हातारा जागा होतो, बागेचे फाटक लावायचे राहिले हे आठवून बाहेर येतो, डावीकडे पाहतो तर मालकाची खिडकी उघडी, आणि तेवढ्यात अंधारात कुणीतरी पळताना दिसते. या वर्णनात खिडकी आहे, दाराचा उल्लेखही नाही. पुढे मार्फाला तो रक्तबंबाळ सापडतो. ती खिडकीतून डोकावते तेव्हा तिला मालकाचे प्रेत दिसते. ती शेजाऱ्यांना हाक मारते. ग्रिगोरीला आत आणून जखम धुतात, तो शुद्धीवर येतो. त्यानंतर माणसे पुन्हा घराकडे जातात तेव्हा त्यांना खिडकीबरोबर दारही उघडे आढळते. तोवर ते उघडे असणारच, कारण मधल्या वेळात स्मेर्द्याकोव आत जाऊन बाहेर आलेला आहे. ग्रिगोरीच्या डोक्यात ते दार नेमके कधी शिरले, हे दोस्तोव्हस्की सांगत नाही. पण उघडी खिडकी त्याने खरोखर पाहिली होती, उघड्या दाराची बातमी त्याच्या अंथरुणापाशी पोचायला वेळ लागला नसेल, आणि दोन्ही गोष्टी एकाच भिंतीच्या, एकाच रात्रीच्या. त्या फुटलेल्या डोक्यात दोहोंचे मिळून एकच चित्र झाले असेल, तर त्यात नवल नाही.

असे खरोखर घडते का, की हा लेखकाच्या सोयीचा कल्पनाविलास? कादंबरी पूर्ण झाली 1880 मध्ये. त्यानंतर जवळपास शंभर वर्षांनी, 1974 मध्ये, एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची चित्रफीत दाखवली. नंतर काहींना विचारले की, गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता. काहींना विचारताना ‘लागल्या’च्या जागी ‘धाडकन आदळल्या’ अशा अर्थाचा शब्द वापरला. आठवडाभराने सगळ्यांना एकच प्रश्न केला: फुटलेली काच दिसली होती का? चित्रफितीत काच फुटलेलीच नव्हती. सौम्य शब्द ऐकलेल्या 50 जणांपैकी 7 जणांनी काच पाहिल्याचे सांगितले. जोरकस शब्द ऐकलेल्या 50 पैकी 16 जणांनी. यांतले कुणी खोटे बोलत नव्हते. प्रश्नातला एक शब्द त्यांच्या आठवणीत काच होऊन बसला होता. ग्रिगोरीला तर कुणी शब्दाने सुचवायचीही गरज नव्हती. दार नंतर खरोखरच उघडे सापडले होते.

फेत्युकोविचला हे दिसत नाही, कारण बाकीच्या साक्षीदारांवर त्याची तीच पद्धत झकास चाललेली असते. मोक्रोये गावचा खानावळवाला त्रिफोन बोरिसोविच मित्याने उधळलेल्या पैशांचा आकडा छातीठोकपणे सांगतो. वकील त्याच्याकडून वदवून घेतो की, मित्या दारूच्या नशेत असताना जमिनीवर पडलेली शंभर रूबलची नोट गावकऱ्यांनी उचलून खानावळवाल्याच्याच हवाली केली होती. नीतीवर प्रवचन झोडणारा राकितिन, मित्याचा धाकटा भाऊ अल्योशा याला ग्रुशेंकाकडे आणून सोडण्याबद्दल आपण तिच्याकडून पंचवीस रूबल घेतले, हे घाम पुसत मान्य करतो. पोलिश पाहुण्यांची पत्त्यांतली लबाडी चव्हाट्यावर येते. प्रत्येक जण पिंजऱ्यात शिरताना ताठ असतो आणि बाहेर पडताना डागाळलेला. यांच्याबाबतीत हे योग्यही आहे, कारण ही माणसे लबाड आहेत आणि लबाडाचा मुखवटा ओढला की त्याच्या साक्षीचे वजन उतरते. ग्रिगोरीला मुखवटाच नाही. हे कोर्टात एकालाच कळलेले आहे आणि तो म्हणजे आरोपी. ग्रिगोरीची साक्ष झाल्यावर मित्या उठून ओरडतो की, दाराची गोष्ट सोडली तर म्हाताऱ्याचे अक्षरन् अक्षर खरे आहे आणि हा माणूस जन्मभर सचोटीने वागला. साक्षीदार सच्चा आणि साक्ष चूक, हे निदान नामांकित वकिलाला जमले नाही ते रागीट, उधळ्या मित्याला जमते. त्याच्याकडे अर्थातच कुणी लक्ष देत नाही.

ग्रिगोरीशेजारी धाकट्या अल्योशाची साक्ष ठेवून पाहावी. मित्याचे म्हणणे असते की, वाग्दत्त वधू कातेरिना हिच्या पैशांतले दीड हजार रूबल त्याने चिंधीत शिवून गळ्यात बांधले होते. त्या पुरचुंडीवर कुणाचा विश्वास नसतो. साक्ष देता देता अल्योशाला एकदम आठवते की, शेवटच्या भेटीत मित्या छातीवर हात आपटत होता, पण हृदयाच्या जागी नव्हे, बराच वर, गळ्याजवळ. ही आठवण खरी आहे. आता तिचे बाह्यरूप पाहा: तपासाच्या वेळी ती नव्हती, भर कोर्टात उगवली, सांगणारा आरोपीचा सख्खा भाऊ, आणि भावाच्या बाजूचीच. ग्रिगोरीचे म्हणणे मात्र पहिल्या दिवसापासून तसूभरही हललेले नाही, आणि त्याला मित्याचा सूड घ्यायचा आहे असेही कुणी म्हणू शकत नाही. लहानपणी आईवेगळ्या मित्याला त्यानेच सांभाळले होते. साक्षीचे वजन करण्याच्या आपल्या नेहमीच्या सगळ्या कसोट्या, म्हणजे सातत्य, ठामपणा, निःस्वार्थीपणा, ग्रिगोरीच्या पारड्यात पडतात. आणि पारडे चुकीच्या बाजूला झुकते.

याहून कठीण कोडे दुसऱ्या साक्षींचे आहे. कातेरिना इव्हानोव्हना त्या दिवशी दोनदा बोलते. पहिल्यांदा ती मित्याने संकटात तिच्या बापाची अब्रू कशी राखली ते सांगते आणि सभागृह हेलावते. काही वेळाने, इव्हानला वाचवण्यासाठी, ती मित्याचे पत्र पुढे करते. दारूच्या अंमलाखाली खानावळीत बसून लिहिलेल्या त्या पत्रात बापाला मारून पैसे मिळवण्याचा बेत आहे. घटना पाहिल्या तर तिचे दोन्ही वेळचे सांगणे खरे आहे. पत्र मित्यानेच लिहिलेले आहे. तरीही या खऱ्या कागदाने एक निरपराध माणूस बुडतो. दुसरीकडे इव्हान खरा खुनी कोण ते सांगतो, चोरीचे तीन हजार रूबल टेबलावर ठेवतो, आणि पुरावा विचारल्यावर आपला साक्षीदार सैतान असल्याचे बरळतो. मेंदूज्वराने तो पछाडलेला आहे. पैशांचे स्पष्टीकरण सरकारी वकील सहज देतो: इव्हानने नुकतेच दहा हजारांचे रोखे वटवले होते. संपूर्ण खटल्यात खुन्याचे नाव ठाऊक असलेला हा एकमेव साक्षीदार, आणि त्यालाच धरून बाहेर नेतात. उलटतपासणीत टिकेल असे त्याच्या बोलण्यात काहीच नाही, सत्याखेरीज.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, दोष उलटतपासणीचा नाही. अमेरिकी विधिज्ञ जॉन हेन्री विगमोर याने 1904 च्या आपल्या पुरावाविषयक ग्रंथात, सत्य शोधण्याचे याहून मोठे साधन कायद्याने निर्माण केले नाही, असा तिचा गौरव केला आहे. ती नसती तर काय होते, हे कादंबरीच्याच नवव्या भागात दिसते. तिथे वकील नाही, बंद खोलीत अधिकारी मित्याला रात्रभर विचारत राहतात, ग्रिगोरीचे दार त्याच्या तोंडावर फेकतात आणि जबाबाचा कागद तयार होतो. त्या कागदावर प्रश्न करणारे कुणीच नसावे, असे मी म्हणणार नाही. खोटेपणा, हितसंबंध, लपवाछपवी यांवर उलटतपासणीइतका उतारा नाही, आणि राकितिन व खानावळवाला हेच दाखवतात. माझे म्हणणे तिच्या आवाक्यापुरते आहे. ती माणसाला खोटे ठरवू शकते. माणूस खोटा ठरत नसेल आणि तरी चुकत असेल, तर तिला आपली चाल बदलावी लागते, आणि सवयीचा वकील ती बदलत नाही. शिवाय साक्षीदाराचे हसे करण्याला एक किंमत असते. अपमान झालेल्या म्हाताऱ्याबद्दल कणव वाटते. पंचांमध्ये चार सरकारी कर्मचारी आणि दोन व्यापारी असतात. उरलेले सहा जण शेतकरी आणि साधे गावकरी. सालाच्या प्रश्नावर ग्रिगोरी गोंधळला तेव्हा त्या सहांना काय वाटले असेल?

दुसरा आक्षेप लेखकावर आहे. दोस्तोव्हस्कीला नव्या वकीलवर्गाची चीड होती आणि त्याने खटला मुद्दाम असा रचला, असे म्हणता येते. 1864 च्या सुधारणांनी रशियात जाहीर सुनावणी, ज्यूरी आणि स्वतंत्र वकील आणले. त्यानंतर तो कोर्टात हजेरी लावत असे, 1878 मध्ये क्रांतिकारक व्हेरा झासुलिचच्या खटल्यालाही तो बसला होता. मुलीला अमानुष मारणाऱ्या क्रोनेबर्ग नावाच्या बापाला 1876 मध्ये सोडवून आणणाऱ्या स्पासोविच या वकिलावर तो आपल्या ‘लेखकाची रोजनिशी’त तुटून पडला, आणि फेत्युकोविचमध्ये स्पासोविचची छटा अभ्यासकांना दिसते. तेव्हा पूर्वग्रह आहे, हे मान्य. पण पूर्वग्रहातून वकिलाचे वक्तृत्व आले. दाराचा प्रश्न त्यातून आलेला नाही. तो आला ओम्स्कच्या तुरुंगातून. तिथे दोस्तोव्हस्कीबरोबर इलिन्स्की नावाचा निवृत्त अधिकारी पितृहत्येची शिक्षा भोगत होता. लेखकालाही तो गुन्हेगारच वाटला होता. नंतर सैबेरियातून बातमी आली की, खरे गुन्हेगार सापडले, त्यांनी कबुली दिली, आणि या माणसाची सुमारे दहा वर्षे सक्तमजुरीत विनाकारण गेली. ‘मृतांच्या घरातील नोंदी’ या पुस्तकात त्याने हे नमूद केले आहे. मित्याचा ढाचा तिथला आहे.

तिसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो: शेवटी मित्याला बुडवले ते पत्राने आणि वकिलाच्या भाषणाने, ग्रिगोरीचे दार दुय्यमच. भाषणाबद्दल हे बरेचसे खरे आहे. पैसे नव्हते, चोरी नव्हती, खूनही त्याने केला नाही, इथवर फेत्युकोविच येतो आणि मग, समजा केलाच असेल तरी असल्या बापाची हत्या ही पितृहत्या नव्हे, अशी पुस्ती जोडतो. अशिलावर त्याचा स्वतःचाच विश्वास नाही, हे त्याने पंचांना सांगून टाकले. पण पत्राचे वजन दारानेच वाढवलेले आहे. दारूच्या भरात लिहिलेला बेत हा नुसता बेत असतो. तो तडीस गेला असे म्हणायला माणूस घरात शिरलेला असावा लागतो. मित्याला घरात शिरवणारा पुरावा एकच, ग्रिगोरीचे उघडे दार. ते उडाले असते तर पत्र उरते आणि धमकी उरते, पण प्रेतापाशी मित्या उरत नाही. पंच तासाभरात परत येतात आणि दयेची शिफारसही न करता त्याला दोषी ठरवतात.

आपल्याकडचा पुरावा कायदा याच काळातला. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन याने घडवलेला हा कायदा 1872 मध्ये आला आणि 1 जुलै 2024 पासून त्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली. जुन्या कायद्याचे कलम 146 साक्षीदाराची सत्यता तपासायला आणि चारित्र्यावर आघात करून त्याची पत डळमळीत करायला मुभा देत होते. कलम 152 अपमानासाठीच विचारलेले प्रश्न रोखायला सांगत होते. बोटांचा प्रश्न या दुसऱ्या कलमात अडकला असता. मात्र प्रामाणिक चुकीचे काय, यावर नेमके बोट ठेवायला इंग्लंडच्या अपील न्यायालयाला 1976 साल उजाडले. टर्नबुल खटल्यात त्या न्यायालयाने ठरवून दिले की, खटला ओळख पटवण्याच्या साक्षीवर उभा असेल तर न्यायाधीशाने ज्यूरीला बजावावे: ठाम आणि पटेल असा साक्षीदारही चुकू शकतो. अंतर किती होते, उजेड किती, किती वेळ पाहिले, मध्ये अडथळा होता का, पाहणे आणि पोलिसांना सांगणे यांत किती वेळ गेला, हे सारे तपासावे. फेत्युकोविचने विचारायला हवे होते ते प्रश्न जवळजवळ हेच. अमेरिकेत डीएनए चाचणीने निर्दोष ठरलेल्या पहिल्या पावणेचारशेच्या आसपास कैद्यांपैकी बहुसंख्यांच्या खटल्यांत चुकीची ओळख पटवणारा साक्षीदार होता, हे पाहता ती सूचना फार उशिरा आली म्हणावी लागते.

कादंबरी मोठी आहे आणि सलग वाचायला सवड मिळेलच असे नाही. तरी कायद्याशी ज्यांचा संबंध येतो त्यांनी आठव्या भागातले बागेचे प्रकरण आणि बाराव्या भागातली ग्रिगोरीची उलटतपासणी एवढी दोन प्रकरणे पाठोपाठ वाचावीत, आणि दुसरे वाचताना पेन्सिलीने समासात आपले प्रश्न लिहून काढावेत. काढ्यावरचा एकही प्रश्न त्या यादीत येऊ देऊ नये.